मलकापुरातला विटकरी अमोनिया

मलकापुरात समुद्र कुठून आला, ते आधी सांगते. कुरिअरने आला, पोत्यातून. आमच्या सूनबाईला खाऱ्या पाण्यातले मासे पाळायचा नाद. फिल्टरच्या पाण्यात पोत्यातलं मीठ मोजून कालवायचं, की झाला समुद्र. बैठकीत टीव्हीच्या जागी काचेची पेटी आली, पेटीत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. टीव्ही माळ्यावर गेला, म्हणून ह्यांचा त्या माशांवर पहिल्या दिवसापासून राग.

त्या वर्षी नवरात्रात अष्टमीला सूनबाई आणि मुलगा जळगाव जामोदला, तिच्या माहेरी निघाले. कोजागिरीपर्यंत राहणार होते. मुलगा म्हणाला, मासे मित्राकडे ठेवू. तर ती म्हणाली, "कशाला? आई आहेत ना. त्या सायन्सच्या."

लग्नाला वर्ष झालं होतं, पण तोवर तिने माझ्यावर काही म्हणजे काही सोपवलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी पेटीत मगरसुद्धा सांभाळली असती.

तेव्हाची मी म्हणजे नुकती निवृत्त झालेली, एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली, अठ्ठावन्न वर्षांची अतिशहाणी पोरगी. आज ती दारात आली तर मी तिला चहा पाजीन, पण माशांजवळ फिरकू देणार नाही.

सूनबाईने काम समजावून सांगितलं. रोज सकाळी काचेच्या नळीत पेटीतलं पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, टोपण लावून हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. मग कार्डावरच्या रंगांशी रंग जुळवायचा. पिवळा राहिला तर पाणी चांगलं. हिरवा होत गेला तर अमोनिया, म्हणजे माशांना विष. "नळीला साबण लावू नका, आई. नुसती विसळा."

"अगं, मी पोरांना हेच शिकवलं," मी म्हटलं. कसं म्हटलं असेल, ते आठवून आजही कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. विळी, कात्री, शिलाई मशीन, ह्यांची स्कूटर, झालंच तर घरातली सगळी यंत्रं, सगळ्यांची पूजा झाली. तपासणीची ती नळीही मी पाटावर मांडली. उपकरणच ना ते.

दसऱ्याला सकाळी तपासणी केली, तर पाणी लाल.

"विटकरी हाय," हे म्हणाले.

"डाळिंबी," मी म्हटलं.

कार्डावर दोन्ही नव्हते. कार्ड पिवळ्यापासून सुरू होऊन गडद हिरव्याशी संपत होतं. तेव्हा ह्या विज्ञानाच्या बाईंनी निष्कर्ष काढला की अमोनिया इतका वाढलाय, इतका वाढलाय, की कार्ड ओलांडून पलीकडे गेलाय. मी अर्धी पेटी उपसून नवं खारं पाणी ओतलं आणि माशांचं खाणं बंद केलं. खाल्लं की घाण करतात, घाणीतून अमोनिया.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विटकरी. पुन्हा उपसा. मासे काचेला तोंड लावून उभे. ह्यांचा राग तिथे विरघळला.

"आपलं नवरात्र उठलं, अन् त्याईचं आज बसवलं काय तू? माह्याकडं पाहून राह्यले ते. टाक नं वं काहीतरी."

"विषबाधा झालीय त्यांना."

"भूक लागली हाय त्याईले."

तिसऱ्या दिवशी मी बादलीतलं नवंकोरं खारं पाणी तपासलं. विटकरी! मग नुसतं फिल्टरचं, बिनमिठाचं पाणी तपासलं. तेही विटकरी! आता, नळीत काहीही घातलं तरी एकच रंग येतो म्हटल्यावर शहाण्या माणसाला नळीचा संशय येईल. मला गावाचा आला. तेच पाणी आम्ही पीत होतो. मी ह्यांचे डोळे, जीभ, नखं निरखून पाहिली.

"काय वं, मी मेलो काय?"

"अजून नाही."

चौथ्या दिवशी वाटलं, कदाचित मला रंगच नीट कळत नसेल. रंग कळणारा माणूस गावात एकच, बाजारातला मॅचिंग सेंटरवाला. ब्लाउजपीसच्या शंभर हिरव्यांतून तुमचा हिरवा डोळे मिटून काढणारा. नळी रुमालात गुंडाळली, कार्ड पर्समध्ये घातलं आणि गेले.

तो माझा जुना विद्यार्थी. त्याने नळी बघितली आणि गंभीर झाला. "बाई, तपासाले द्यायचं असंल तं लॅब समोर हाय."

"लघवी नाही रे ती! ह्या कार्डातला कोणता रंग, सांग."

त्याने नळी दारात उन्हात नेली. ट्यूबलाइटीत रंग खोटा दिसते, म्हणाला. मागे पांढरं अस्तर धरलं, कार्ड शेजारी धरलं आणि मान हलवली.

"हा तुमच्या कार्डातला नाहीच. कार्ड हिरव्याच्या खानदानाचं हाय. हा मले रोज दिसते. साडीवर हळद सांडते, बाया साबण लावतात, डाग असा लाल होते, अन् भांडाले माह्याकडं येतात. मंग मी त्याईले तुमचा धडा सांगतो."

"माझा?"

"नववीत हळदीचा कागद बनवून त्यावर साबणाचं पाणी टाकून तुमीच तं दाखवलं. मले उत्तर नाही आलं तं बाकावर उभं केलं होतं."

दुकानात बाकडं होतं. मी त्यावर चढायचीच बाकी होते.

खंडेनवमीला मी नळीला हळदकुंकू लावलं होतं. काचेवर लावलं तर रंग दिसणार नाही, म्हणून टोपणाला लावलं. तेही बाहेरून हात लागून पुसलं जाईल म्हणून आतून, बोटभर! नळी रोज विसळली, टोपण कोण विसळतंय. त्या दुसऱ्या बाटलीतलं औषध साबणासारखंच, हळदीला लाल करणारं.

घरी येऊन टोपण काडीने कोरून धुतलं. पेटीतलं पाणी घेतलं, थेंब टाकले, नळी दारात उन्हात धरली. पिवळं! कार्डावरचं पहिलं घर. खाणं टाकलं तर मासे माझ्या बोटालाच डसले, आणि हे शेजारी उभे राहून म्हणाले, "घ्या बे, घ्या."

सूनबाईला सांगायचं की नाही, ह्यावर मी एक अख्खी दुपार काढली. शेवटी फोन केला आणि सगळं सांगितलं, बाकासकट.

"आई, चार दिवस उपाशी होते?"

"चार."

"आणि आता?"

"खाऊन खाऊन थकलेत."

ती हसली. इतकी हसली की मागून तिच्या आईचा काय झालं, काय झालं असा आवाज आला. "असू द्या. मीही पहिल्या महिन्यात बाटल्यांची अदलाबदल केली होती. कुणाला बोलले नाही, एवढंच. आता मी येईपर्यंत तुम्हीच बघा त्यांच्याकडे." मला भरून आलं. तेवढ्यात ती हसायची थांबली.

"आई, माझा लॅपटॉप घरीच आहे. त्याचीही पूजा केलीत का?"

"केली."

"हळदकुंकू कुठे लावलंत?"

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि कोरडं फडकं शोधायला गेले.