नाटकी कंबर

"हितं! इकडं न्हाय, तिकडं न्हाय, हितं!"

कंबर दुखणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती पाठीवरून अख्खा तळहात फिरवतात, जणू भिंत सारवतायत. इंदापूरकडच्या या बाई मात्र एकच बोट ढुंगणाच्या वरच्या खळीत रोवायच्या आणि वर दरडावायच्या.

बारामतीत माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मागे नवरा होता, हातात एमआरआयची पिशवी.

"फोटोत काय बी न्हाय, म्याडम," तो म्हणाला. "नुसतं नाटक. पेरू तोडायची येळ आली की हिची कंबर धरती."

"तुमच्या डोक्याचा काढा फोटो," बाई म्हणाल्या. "त्यात बी काय घावायचं न्हाय."

कण्याच्या बुडाशी कमरेचं हाड जिथं जोडलेलं असतं, त्या सांध्याचं दुखणं बऱ्याचदा फोटोत दिसत नाही. ते मुद्दाम दुखवून शोधावं लागतं. बाईंना टेबलावर झोपवलं. एक टाच दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी खाली दाबली.

"आई गं!"

"छान," मी म्हणाले.

कुशीवर वळवून कमरेच्या हाडावर भार दिला.

"मेले!"

"वा, छान."

मग एक गुडघा छातीशी आणि दुसरा पाय टेबलाबाहेर लोंबता. त्यावर अशी शिवी आली की बाहेर बाकावर बसलेले पेशंट उभे राहिले.

"मी बोंबलतीया आन तुमी छान म्हणताय? सासू बरी हुती माझी!"

"एकाच चाचणीत दुखलं असतं तर मी मानलं नसतं," मी नवऱ्याकडे बघून म्हणाले. "पण दर वेळी त्याच जागी दुखतंय. सांधा धरलाय. नाटक नाही."

बाई उठून बसल्या आणि एकदम रडायलाच लागल्या. मग पदराला नाक पुसून नवऱ्याला म्हणाल्या, "झोपा हितं."

तो निमूट झोपला. त्याच्यावर तेच सगळं केलं, गड्याला काहीच दुखेना.

"जरा जोरात दाबा की, म्याडम!" बाई म्हणाल्या.

पट्टा, व्यायाम, सगळं बाईंनी मला शिव्या देत देत केलं आणि बऱ्या झाल्या. पुढं गावात कुणी कंबर धरली की बाई त्याला ओसरीवर आडवं पाडून स्वतःच तपासायच्या. काहींना माझ्याकडे पाठवायच्या. बाकीच्यांना निकाल जागेवरच मिळायचा, "तुला कामाचा कंटाळा हाय."

गेल्या हिवाळ्यात नवरा एकटाच आला.

"ती गेली, म्याडम. छातीत दुखतंय म्हणली. मी काय बी इचारलं न्हाय. हातातला चहा तसाच ठिवला आन गाडी काढली. पार बारामतीपत्तुर आणली हुती."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"वाटंत म्हणली, 'आज बरं लगीच खरं वाटलं तुमास्नी!' हसली बी."