निळ्याला नकार

माझी आत्या नाटकांना दिवे लावायची. नाट्यगृहाच्या मागच्या केबिनमध्ये बसून तिनं कितीतरी नायिकांना तरुण ठेवलं, आणि एका नटाशी वाजलं तेव्हा अख्खा अंकभर त्याच्याच नाकाची सावली त्याच्या ओठांवर पाडली. "मिशीचा खर्च वाचवला मेल्याचा," म्हणायची.

मग दिव्यांसाठी कॉम्प्युटरवर चालणारा बोर्ड आला आणि मॅनेजरनं तिला बोलावून घेतलं.

"बाई, आता जरा आराम करा. लॉबीत तो खाऱ्या पाण्याचा टँक आहे ना, त्याचे दिवे सांभाळा. तीही प्रकाशयोजनाच की!"

"मासे नाटकं करतात का?"

"नाही हो."

"मग तुमच्या नटांपेक्षा बरे."

तिथं ऐटीत बोलून आली खरी, पण त्या संध्याकाळी घरी भांडी अशी आपटली की शेजारीण चौकशीला आली.

टँकमध्ये मासे नावालाच. खरा संसार प्रवाळांचा. त्यातलं एक तिनं नखाएवढ्या तुकड्यापासून वाढवलं. त्याला फांद्या फुटल्या, ते मुठीएवढं झालं. आत्या त्याला 'माझा शेवटचा नट' म्हणायची. "संवाद विसरत नाही, एंट्री चुकवत नाही. आणि मुख्य म्हणजे मला सल्ला देत नाही."

तिच्याकडे उजेड मोजायचा जुना लक्स मीटर होता. रंगमंचावर तोच हातात घेऊन ती हिंडायची, आणि त्याच्यावर तिचा सख्ख्या भावापेक्षा जास्त विश्वास. भाऊ म्हणजे माझे बाबा, त्यामुळे हे मला चांगलंच माहीत. तोच मीटर तिनं टँकच्या दिव्यांखाली धरला. पांढऱ्या दिव्याला काटा टुणकन उडाला. निळ्याला जेमतेम हलला.

"आत्या, डोळ्यात घुसतोय गं तो निळा."

"तुझ्या डोळ्यांना काय कळतंय? काटा बघ. उपाशी ठेवलंय बिचाऱ्याला."

तिनं निळा चढवला. काटा सुस्तच. तिनं आणखी चढवला.

आणि थोड्याच दिवसांत ते प्रवाळ पेटलं! निळ्या उजेडात असं हिरवंगार झगमगायला लागलं की मध्यंतरात लोक चहाची रांग सोडून टँकपाशी गर्दी करायचे. कोपरानं एकमेकांना ढकलत फोटो काढायचे. मॅनेजर तर नाचायचाच बाकी होता.

"बाई, नाटक पडलं तरी टँक हाउसफुल्ल!"

"बघितलंस?" आत्या मला म्हणाली. "केबिनमधून काढलं मला. मी लॉबी घेतली."

मग एका सकाळी काच घासायला म्हणून तिनं टँकचे दिवे घालवले आणि लॉबीची साधी ट्यूब लावली. आणि एकदम गप्प झाली. आत्या गप्प झाली की आमच्याकडे डॉक्टरला फोन करतात. मी वाकून बघितलं. ट्यूबच्या उजेडात ते प्रवाळ पांढरंफटक होतं. मेकअप उतरवल्यावर एखादा नट तापानं फणफणलेला निघावा, तसं.

आम्ही तडक शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात गेलो. टँकमधली प्रवाळं त्याच्याकडूनच आलेली. आत्यानं सगळं सांगितलं.

"उजेड मोजला कशानं?" त्यानं विचारलं.

तिनं अभिमानानं मीटर काढून दाखवला. त्यानं कपाळाला हात लावला.

"अहो ताई, हा मीटर माणसाच्या डोळ्याची नक्कल करतो. आपल्याला हिरवं-पिवळं ठळक दिसतं, निळं मंद. म्हणून हाही निळ्याला कमीच धरतो. पण कोरलच्या, म्हणजे ह्या प्रवाळाच्या, अंगात शेवाळ राहतं, त्याच्या जिवावर ते जगतं. त्या शेवाळाला निळा म्हणजे पंचपक्वान्न. तुम्ही उपाशी समजून कोंबत राहिलात. शेवाळ गेलं पळून."

"मग चमकत कसं होतं?"

"ती चमक कोरलची स्वतःची. निळा उजेड गिळायचा आणि हिरवा करून परत टाकायचा. शेवाळाचा तपकिरी रंग गेला, झाकायला काही उरलं नाही, म्हणून ती उघडी पडली. त्रासात असलं की कधीकधी जास्तच चमकतं. चमकतंय म्हणजे ठणठणीत आहे असं नसतं, ताई."

"वाचेल?"

"निळा उतरवा आणि वाट बघा. जगलंच तर मातीसारखं दिसेल, आधीच सांगतो."

शेवाळाच्या कामाचा उजेड मोजणारा, पाण्यात बुडवायचा मीटर त्यानं वापरायला दिला. दुकानातून बाहेर पडल्यावर आत्या म्हणाली, "मी चुकले. नीट ऐकून घे, परत म्हणणार नाही."

तिनं निळा उतरवला. लॉबीतली गर्दी पांगली. आणि नेमका एका मोठ्या नाटकाचा पहिला प्रयोग आला. पाहुणे, फोटोग्राफर, सगळा जामानिमा. मॅनेजर धावत टँकपाशी आला.

"बाई, हा विझला कसा?"

"विझला नाही. पथ्यावर आहे."

"आजच्या दिवस निळा फुल करा. उद्यापासून काय ती पथ्यं पाळा."

"तापातल्या माणसाला आजच्या दिवस नाचवू?"

"दगड आहे हो तो!"

"जीव आहे. आणि त्याला मी भाजलंय. तो भाजत होता तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या. आता पुरे."

"बाई, नाट्यगृह माझ्या ताब्यात आहे!"

"असू दे. उजेड माझ्या ताब्यात आहे."

तो स्वतःच बटणाकडे वळला. आत्यानं स्टूल ओढलं आणि बटणाला पाठ लावून ठाण मांडलं.

"आधी मला उचला. गुडघ्यांना जपून, दुखतात."

तेवढ्यात दारं उघडली. पाहुणे आत आले. मॅनेजरनं चेहऱ्यावर हसू चढवलं आणि दातांतून म्हणाला, "उद्यापासून येऊ नका."

"ह्या कोण?" प्रमुख पाहुण्यांनी कौतुकानं विचारलं.

"ह्या... आमच्या प्रकाशयोजनाकार."

"होते," आत्या स्टुलावरूनच म्हणाली. "सध्या एकाचं आजारपण काढतेय. तुम्ही व्हा पुढे, तिसरी घंटा होईल."

दुसऱ्या दिवशी ती बादली घेऊन हजर. वॉचमन आडवा आला.

"बाई, तुम्हाला सोडायचं नाही म्हणालेत साहेब."

"मला ना? बादलीबद्दल काही म्हणाले?"

"बादलीबद्दल... नाही."

"मग बादलीला जाऊ दे. मी आपली तिच्या कडीला लटकलेय."

वॉचमन तोंड फिरवून हसला आणि बाजूला झाला. मॅनेजरनं जिन्यावरून बघितलं, पण खाली आला नाही. खारं पाणी बदलायला दुसरं कोणी मिळालं नसावं. सूड म्हणून त्यानं तिकीट खिडकीशी प्लास्टिकचं गुलाबी कोरल आणून ठेवलं. ते कायम चमकतं.

बऱ्याच महिन्यांनी आत्याचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं घरात कुणाचं लग्न ठरलं.

"मळकं झालं गं! बुडाशी मस्त मळकं झालंय!"

मी जाऊन बघितलं. दोन फांद्या कायमच्या गेल्या होत्या, बाकीच्यांवर मातकट रंग चढत होता. मध्यंतर झालं होतं. एक गृहस्थ फोन सरसावून टँकपाशी आले, थोडा वेळ थांबले, हिरमुसले.

"अहो बाई, हे चमकत नाही का?"

आत्यानं काच पुसता पुसता मानही वळवली नाही.

"तुम्ही घरी चमकता का?"