लियांग आजोबांनी दिलेली किल्ली

ईशा, निहार, समोरच्या फ्लॅटमधले लियांग आजोबा गेल्याचं मी तुम्हाला फोनवर सांगितलं, त्याला आता महिना होईल. व्हिडिओ कॉलवर तुम्ही हात हलवायचात आणि ते आधी माझ्या फोनचा कॅमेरा निरखायचे, तेच. त्या सकाळचं एक मात्र सांगायचं राहिलं... ते मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

इथे आखातात, अदलियातल्या या इमारतीत आमची दारं समोरासमोर. ते चीनच्या परराष्ट्र सेवेतून निवृत्त झालेले. मुलगी मेई जवळच्याच सित्र्याला तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनिअर, म्हणून इथे आलेले. बेल वाजवली की दार बोटभर उघडायचं आणि फटीतून एक डोळा दिसायचा. खिचडी नेली तर पहिला घास मी खायचा, मग त्यांनी. "हेर आहे तो," तुमचे आजोबा म्हणायचे. "आज मीठ जास्त पडलं, हेसुद्धा बीजिंगला कळवत असेल!" मी हसायचे, पण मलाही वाटायचं, या माणसाकडे एवढं लपवण्यासारखं आहे तरी काय?

एकदा निघताना मी म्हटलं, "ओके, आय विल कम." आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो, तेच माझ्या इंग्रजीत उतरलं. त्यांचा चेहरा उतरला. "परत? कुणाला घेऊन?" मी काहीतरी बोलून घरी आले. संध्याकाळी मेईने बेल वाजवली. "आंटी, तुम्ही बाबांना काय म्हणालात? दुपारपासून दारामागे खुर्ची टाकून बसलेत."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना आपल्या "येते"चा अर्थ समजावला. त्यांनी उठून दाराची कडी तपासली. मग बोलले... तरुणपणी ते आफ्रिकेतल्या एका लहानशा देशात वकिलातीत होते. एका सकाळी रेडिओवर नुसता बँड वाजत राहिला आणि कळलं की सरकार बदललं. आदल्या आठवड्यात ज्या अधिकाऱ्याच्या घरी जेवले होते, त्याने रस्त्यात ओळख दिली नाही. नवं सरकार चीनशी संबंध ठेवणार की तोडणार, कुणालाच ठाऊक नव्हतं. जुन्या सरकारातला त्यांचा एक मित्र त्यांच्याच घरात लपला होता. स्वयंपाकी म्हणाला, "पाव घेऊन येतो." तो आला, पण सैनिकांना घेऊन. मित्राला नेलं, पुन्हा त्याचा पत्ता लागला नाही. "मॅडम, त्याच्या हातात पावही होता," ते म्हणाले.

पुढे त्यांचं हृदय कुरकुरू लागलं. मेई शिफ्टला असताना शेजारी कुणाकडे तरी किल्ली हवी, असं डॉक्टरांनी बजावलं. ते ऐकेनात. "किल्ली बाहेर गेली की दार नसल्यासारखंच," म्हणायचे. मेई रडली, भांडली. मग एक दिवस स्वतःच येऊन त्यांनी माझ्या हातावर किल्ली ठेवली. "फक्त तुम्हाला," म्हणाले. मला फार मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं.

त्या सकाळी त्यांनी बेलला उत्तर दिलं नाही. मी किल्ली लावली. आत गेली, पण फिरेना. उलटी लावून पाहिली, तुमच्या आजोबांनी जोर लावला... नाहीच. मेई सित्र्याहून धावत आली, तिच्या किल्लीने दार उघडलं. ते झोपेतच गेले होते, रात्रीच. दार लवकर उघडलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

मेई सांगते, बाबा अधूनमधून कुलूप बदलायचे, त्या देशातून परतल्यापासूनची सवय. नवी किल्ली मला द्यायला विसरले असतील. तुमचे आजोबा म्हणतात, मुरलेला माणूस तो, विसरायचा नाही. मला किल्ली दिली हेच त्यांना नंतर झोपू देत नसेल का? माझ्यामुळेच कुलूप बदललं असेल? कधी मेईचं पटतं, कधी नाही.

आम्हीही आता म्हातारे झालो. परवा आमची जादा किल्ली मी मेईला दिली. ती पर्समध्ये टाकत होती. मी तिचा हात धरला, दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "थांब. आधी माझ्यासमोर लावून बघ."