ब्रुनोचा डबा

चुका सगळेच करतात हो. पण वजनकाट्यावर तोलून-मापून चूक केलेला माणूस अख्ख्या जालन्यात माझ्याशिवाय दुसरा सापडायचा न्हाई. ऐकाच.

आमच्या ब्रुनोला मी कच्च्या आहारावर आणल्तं. म्हणजे कुत्र्यापुढं नुसतं मटण फेकलं असं न्हाई बरं का! मटण इतकं, काळीज इतकं, वरून अंड्याच्या टरफलाची पूड. सगळं बराबर मोजून. बायको म्हणायची, माझ्या पथ्याकडं एवढं लक्ष दिलं असतं तर शुगर कधीच उतरली असती. मी तिकडं कानाडोळा करायचो. शास्त्र सगळ्यांनाच कुठं कळतं?

एकदा ब्रुनोला घेऊन सासुरवाडीला, वडीगोद्रीला गेलो. त्याचा दोन दिवसांचा डबा बर्फात घालून सोबत घेतला. आता आमचे मामा, म्हणजे सासरे, पक्के माळकरी. त्यांच्यासमोर मटणाचं नाव कसं काढणार? मंग मेव्हण्याच्या, गजाच्या हातात डबा दिला आणि हळूच म्हणालो, "हे तेवढं जपून ठेव. दुपारी लागंल. मामांना कळू देऊ नको."

गजानं झाकण उघडून पाहिलं, हसला आणि म्हणाला, "दाजी, तुम्ही बिलकुल काळजी करू नका."

असा समजूतदार मेव्हणा मिळायला नशीब लागतं, मला तेव्हा खरंच वाटलं.

दुपारी गजानं मला शेतात नेलं. घरात असलं शिजत न्हाई ना, त्यामुळं बाभळीखाली तीन दगडांची चूल. त्याचे चार दोस्तही आल्ते. पहिलं ताट अर्थातच जावयाचं. काय तो रस्सा! काळजाचे तुकडे तर लोण्यासारखे. जरा कचकच लागत होती, म्हणून मी जाणकारासारखं सांगितलं की मसाल्यातलं खोबरं भरड राह्यलंय. तरी दोनदा मागून घेतलं. वर कुत्र्याच्या आहारावर व्याख्यानही झोडलं. सगळे माना डोलवत ऐकत होते.

हात धुतले आणि गजाला म्हणालो, ब्रुनोची वेळ झाली, तो सकाळचा डबा आण.

गजानं चुलीजवळच्या रिकाम्या पातेल्याकडं पाहिलं. मी पण पाहिलं. सासुरवाडीच्या पाच माणसांना कुत्र्याचं खाऊ घातलं मी! आता तोंड कुठं लपवू?

पण मी काय पळणारा माणूस? उभा राह्यलो, घसा साफ केला आणि सगळ्यांची माफी मागितली. म्हणालो, माल ताजा होता, मी स्वतः तोललाय, टरफलाची पूड पोटात गेली तर तुमची हाडं मजबूतच होतील, बिलकुल घाबरू नका.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी गजा खाली मान घालून म्हणाला, "दाजी, आमचं मटण वेगळं होतं. डब्यातलं तुम्ही तुमच्या आवडीचं आणलं समजून ते दुसऱ्या पातेल्यात केल्तं. जावयाचं म्हणून आम्ही कुणी हातबी लावला न्हाई. सगळं तुम्ही एकट्यानंच संपवलं."