वेबरसाहेबांच्या गाई

“गाईंच्या पाठीवर हे काय आलंय?” मिस्टर वेबरनी खालून विचारलं.

मी शिडीवर होतो. फुजैराच्या एका हॉटेलात, रेस्टॉरंटच्या अख्ख्या भिंतीवर आल्प्स रंगवत होतो. वेबर तिथले जनरल मॅनेजर, जन्माने स्विस. ओपनिंग आठ दिवसांवर.

“वशिंड, सर. गाईला असतं.”

“आमच्या गाईला नसतं.”

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी आटपाडीकडचा, शारजाच्या एका साइनबोर्ड कंपनीत पेंटर. बर्फाचे डोंगर, पाइनची झाडं ही माझी खासियत. सगळं कॅलेंडरवरून. कधी तक्रार आली नाही, कारण ते डोंगर ना मी पाहिलेले, ना गिऱ्हाइकाने. तिथेच वाढलेला माणूस पहिल्यांदाच भेटला. त्यात कॅलेंडरवर गाई नव्हत्या. त्या मी मनाने घातल्या, म्हणजे आमच्या गोठ्यातल्या खिलार.

सुपरवायझर कुरियनचा फोन आला. “यल्ला, जल्दी ठीक करो. वेबरसाहब का साइन नहीं मिला तो तुम्हारा छुट्टी कॅन्सल.”

पंधरा दिवसांनी बहिणीचं लग्न होतं.

तैलरंग वाळायला दिवस लागतात. ओल्यावर दुसरा रंग मारला की चिखल होतो. म्हणून बोथट सुरीने पाचही वशिंडं खरवडली, तिथे गवत भरलं. आता गाई गाढवांसारख्या दिसायला लागल्या. शेवटी बकालात, म्हणजे किराणा दुकानात गेलो आणि गाईचं चित्र असलेला दूध पावडरचा डबा आणला. बुटकी, रुंद, टेबलासारखी सपाट पाठ. डबा शिडीवर ठेवून पाचही गाई नव्याने काढल्या.

वेबर बराच वेळ बघत राहिले. “गुड,” म्हणाले. मी ब्रश धुवायला घेतले.

“त्या डावीकडच्या गाईचं एक शिंग खाली वळवता येईल? आमच्या घरी तशी होती.”

वळवलं. दुसऱ्या दिवशी चित्रातल्या घराच्या खिडक्या हिरव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी ओढा घराच्या उजवीकडून डावीकडे आला. चौथ्या दिवशी ते अडखळत म्हणाले, “इथे दोरी हवी. आई कपडे वाळत घालायची.” मी दोरी काढली, न विचारता एक पांढरा फ्रॉकही टांगला.

“खलास क्यों नहीं हुआ?” कुरियन.

“साहब का गाव अभी बाकी है.”

ओपनिंग झालं, तरी शिडी कोपऱ्यात होतीच. शेवटी मी त्यांना सरळ सांगितलं, “सर, घरी लग्न आहे. मला जायला हवं.”

“तुमच्याकडेही गाई आहेत?”

“आहेत. वशिंडवाल्या.”

ते पहिल्यांदा हसले आणि काम पूर्ण झाल्याच्या कागदावर त्यांनी सही केली. हळदीच्या आदल्या दिवशी मी घरी पोचलो.

पुढे कुठलंही विलायती दृश्य रंगवण्याआधी मी गिऱ्हाइकाला एकच विचारायचो, आपण कुठले? तिथलाच निघाला तर भरपूर धुकं घालायचो. धुक्यात कुणाला आपलं घर सापडत नाही.