तांब्यावरचं नाव

मी आयुष्यभर भूगोल शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मला माया लोकांच्या लिपीचं वेड लागलं. निमगाव केतकीत बसून मध्य अमेरिकेतली चित्राक्षरं गिरवणारा मास्तर म्हणजे गावाला फुकटची करमणूक. बायको तर तोंडावर म्हणते, "तितल्या मेलेल्यांची भांडी वाचताय, हितली जरा घासा की."

भांडी ती उगाच म्हणत नाही. त्या लिपीची हकिगतच तशी आहे. एका स्पॅनिश पाद्र्यानं आधी माया लोकांच्या पोथ्या जाळल्या आणि मग त्यालाच त्यांची अक्षरं समजून घ्यायची हौस आली. त्यानं एका जाणत्या लेखनिकाला समोर बसवलं आणि एकेक अक्षर काढायला लावलं. तो बिचारा इतका पिडला गेला की 'आता एखादं वाक्य लिही' म्हटल्यावर त्यानं लिहिलं, 'मला नको.' हे वाचून मी एकटाच खो खो हसलो. पुढच्या पंडितांनी पाद्र्याची ती टिपणं चुकीची ठरवून बाजूला सारली आणि कित्येक पिढ्यांनंतर त्याच टिपणांनी लिपीचं कुलूप उघडलं.

पण मी खरा थक्क झालो तो पेल्यांमुळे. माया लोकांच्या मातीच्या पेल्यांवर काठालगत चिन्हांची पट्टी असते. पंडित म्हणत, ही नुसती नक्षी, रंगवणाऱ्याला कुठलं लिहिता येतंय! मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की पेल्यापेल्यावर तीच चिन्हं त्याच क्रमानं येतात. वाचली तर काय निघावं? 'हा अमक्याचा कोको प्यायचा पेला.' देव नाही, ग्रह नाहीत, लढाई नाही. हजार वर्षांपलीकडचा माणूस आपला पेला बदली होऊ नये म्हणून नाव घालून गेला होता, अगदी आपण जेवणावळीला भांडी देताना घालतो तसं. दोन दिवस मी ज्याला त्याला हेच सांगत सुटलो होतो.

त्याच आठवड्यात आमचा स्वयंपाकघरातला माळा पाडायचा होता. माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी मोडीत द्यायचं ठरलं. बारामतीच्या दुकानदाराचा टेम्पो दुपारी येणार होता. सकाळपासून मी एकेक भांडं पुसून त्यावरचं नाव वाचत होतो. आजोबांचं, चुलत्यांचं, आत्याच्या लग्नातलं. बायको वाचून झालेलं भांडं पोत्यात टाकत होती. तिचा हात माझ्यापेक्षा जलद होता.

एक तांब्या मात्र काळाठिक्कर पडलेला, नाव दिसेना. मी तो आईकडं नेला. आई ओट्यावर घेवड्याच्या शेंगा निवडत होती. मोतीबिंदूमुळं तिला धड दिसत नाही, तिनं नुसता चाचपला.

"आई, हा कुणाचा गं?"

"असंल कुणाचा तरी. पंगतीत बदली झाला असंल. दिऊन टाक."

बायको म्हणाली, "टाका पोत्यात." पण पेल्यांचं भूत मानगुटीवर बसलेलं. नाव न वाचता कुणाचं भांडं भट्टीत घालणं मला जमेना. "टेम्पो येईपर्यंत थांब," म्हणालो आणि चिंच भिजवून तिथंच आईजवळ तांब्या घासायला घेतला. टेम्पो दारात आला तेव्हा कुठं ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं वर आली. नुसतं एका मुलीचं नाव, ना बापाचं, ना गावाचं. आमच्या घरात त्या नावाची बाई कधी नव्हती. मी आतल्या बायकोला ऐकू जावं म्हणून ते नाव मोठ्यानं वाचलं.

"ओ," आई म्हणाली.

मान वर न करता, शेंग मोडता मोडता. मग तिचा हात थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"आई, तुझं नाव आहे हे?"

"व्हय. चवथी पास झाले तवा मामानं दिला व्हता, नाव घालून. हितं आल्यावर ताटातल्या तांदळात दुसरं लिवलं. मग कोन म्हनतंय ह्ये?"

आमच्याकडं लग्नात नवरीचं नाव बदलतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? माझ्या बायकोचंही मीच अंगठीनं तांदळात लिहिलं होतं. पण आईचं बदललं असेल, हे सत्तरी गाठेपर्यंत डोक्यात आलं नाही. तिचे भाऊ तिला आक्का म्हणत, माझे वडील नुसतं 'अगं', आम्ही आई. कुठल्या कुठं समुद्रापलीकडचं कोडं घेऊन बसलो होतो आणि घरातल्या बाईला 'तुझं नाव काय होतं' एवढं विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि लाजेहूनही जास्त नवल. इतकी वर्षं कुणी हाक मारली नाही आणि पहिल्या हाकेला ती 'ओ' देऊन मोकळी झाली.

दुकानदाराच्या माणसानं पोतं उचललं आणि माझ्या हातातल्या तांब्याकडं बोट केलं. "गुरुजी, ह्यो बी टाकायचा का?"

मी काही बोलायच्या आधी आईनं हात पुढं केला.

"त्यो ऱ्हाऊ दे, बाबा. त्यात मी हाय."