चिखलाचा अंगठा

परवा नातवाने खताचं पोतं फाडलं आणि त्या उग्र वासासरशी मी सिंदेवाहीजवळच्या आमच्या धानाच्या बांधीत जाऊन पोचले.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीची गोष्ट. दोरी धरून ओळीत धान रोवला, तर सरकार खतासाठी अनुदान देणार होतं. बाबा वारले होते, शेत आईच्या नावावर होतं. आमच्याकडे रोवणा बायकांचाच, म्हणून आम्ही दोघी सकाळपासून चिखलात वाकलेल्या. शेतकी खात्याचा साहेब आला आणि धुऱ्यावर, कोरड्या बांधावर, छत्री धरून उभ्या असलेल्या काकांकडे सही मागू लागला. म्हणाला, घरच्या पुरुषाचीच लागते.

आई कंबर सरळ करत वर आली.

"साहेब, शेत माह्यं, रोवणा म्या केला. भाऊजीचे तं पायबी ओले नाई झाले. सही त्याहीची काऊन?"

आणि तिने चिखलाचा अंगठा कागदावर दाबला.

"बाई, शाई तरी लावा," साहेब कुरकुरला.

"ह्या चिखलाचेच पैसे देऊन राह्यले ना तुमी?"

तेव्हा मी लाजेने मान खाली घातली. आज वाटतं, शेजारी माझाही अंगठा उमटवायला हवा होता.

त्या साली अनुदान आलं नाही. पुढच्या साली साहेब आला, तो काकांना ओलांडून थेट आईपुढे शाईची डबी धरून उभा राहिला. आईने अंगठा पुन्हा चिखलातच बुडवला.